चलन हा निकाल नव्हे! कोर्टातली आपली नोंद आपण कधी वाचणार?

१४ एप्रिलच्या रॅलीचे फोटो आपण स्टेटसला ठेवले. तेच फोटो चौकात उभ्या असलेल्या शिपायाच्या मशीनमध्येही गेले. पुढच्या काही दिवसांत वस्तीतल्या पोरांच्या मोबाईलवर एसएमएस येऊ लागले. कुणी वाचले, कुणी पुसून टाकले. बऱ्याच जणांना तर ते आलेच नाहीत, कारण गाडीच्या नोंदणीवर नंबर शोरूमच्या एजंटचा होता.

मित्रांनो, हा विषय काहींना किरकोळ वाटेल. पण लोकअदालतीच्या आधल्या आठवड्यात माझ्याकडे एक पोरगा आला, त्याचे आधी ऐका. तो दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेला होता. मोटरसायकल घरी, धाकटा भाऊ चालवत होता. परत आला तेव्हा गाडीवर सात चलने. पाच आमच्याच भागातली, हेल्मेट आणि ट्रिपल सीटची. दोन भलत्याच शहरातली. मी त्या दोन चलनांचे फोटो उघडून दाखवले. फोटोत स्कूटर होती. नंबरातला एक आकडा चुकीचा वाचला गेला होता.

पोरगा म्हणाला, "दादा, स्कूटरचापण दंड भरून टाकतो. कोर्टाची कटकट नको."

त्याच्याकडे स्कूटर नाही. कधी नव्हती. तरीही न केलेल्या गुन्ह्याचे पैसे तो भरायला निघाला होता आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नव्हते. ही कटकटीची भीती नाही. कोर्टाच्या कागदावर आपले नाव आले म्हणजे आपण दोषीच, हे पिढ्यानपिढ्या आपल्या डोक्यात भरवले गेले आहे. आधी पाटलाच्या चावडीवर मान खाली घालायची, आता मोबाईलच्या स्क्रीनसमोर.

म्हणून आधी हे पक्के करा. चलन म्हणजे आरोप. चलन म्हणजे निकाल नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोड रक्कम भरून प्रकरण मिटवण्याची मुभा आहे. ती मुभा आहे, सक्ती नाही. भरायचे नसेल तर प्रकरण न्यायालयात जाऊ शकते आणि तिथे "गुन्हा कबूल नाही" असे म्हणण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.

आता त्या लोकांबद्दल बोलू जे आपल्याला हा हक्क वापरू देत नाहीत.

पहिले आपलेच नेते. पोरगा चलन घेऊन आला की हे म्हणतात, "थांब, साहेबांना फोन लावतो." फोन लागतो, साहेब हसतात, पोरगा खूश होतो. चलन मात्र ऑनलाईन तसेच राहते. समजा कधी मिटलेच, तरी पोरगा शिकला काय? कायदा वाचायचा नसतो, ओळख काढायची असते. ज्यांच्याकडे ओळख नाही त्यांनी भरायचे, असा त्याचा दुसरा अर्थ. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातीचे आहेत. अक्राणीच्या पाड्यावरच्या पावरा पोराने कुणाला फोन लावायचा? ओळखीचे राजकारण हे जातीचेच राजकारण आहे, फक्त हातात मोबाईल आला.

दुसरे आपले तरुण. एसएमएस पुसला म्हणजे चलन पुसले, असे त्यांना वाटते. समन्स निघाले आणि तारखेला गेलो नाही, तर वॉरंट निघू शकते. गाडी विकायला काढली की थकलेली चलने समोर येतात. आणि एक कडू गोष्ट. हेल्मेट न घालता, तिघे बसून, सायलेन्सर काढून बाबासाहेबांच्या नावाने घोषणा देणे हा आंबेडकरवाद नाही. ज्याने कायद्याचे राज्य दिले त्याचा झेंडा हातात धरून आपण कायदा मोडतो. चूक केली असेल तर दंड भरा, पावती घ्या, पावती जपून ठेवा. पाच चलने त्या पोराने भरली. मीच भरायला लावली.

तिसरी व्यवस्था. दंड वाढवणारी २०१९ ची दुरुस्ती सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. पण त्याच दुरुस्तीने कायद्यात कलम १९८अ घातले, हे किती जणांना माहीत आहे? रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. तळोद्याहून धडगावकडे जाणारा चांदसैली घाट आठवा. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे दरड कोसळून रस्ता बंद झाला, आजारी बायकोला नवऱ्याने खांद्यावर घेऊन वाट काढली आणि ती वाचली नाही. १९८अ त्या घटनेला लागते की नाही, हा वकिलांचा प्रश्न. माझा प्रश्न साधा आहे. जीपमध्ये जास्त माणसे बसली म्हणून चलन फाटते. एसटी पुरेशी नसल्याने माणसे त्या जीपमध्ये बसतात, त्याचे चलन कुणाच्या नावाने फाडायचे?

प्रश्न विचारायचा तर आधी आपला कागद नीट हवा. तो शोधायचा कसा?

राज्यातल्या पोलिसांची चलने 'महाट्रॅफिक'च्या साईटवर दिसतात. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे. आपला जिल्हा गुजरातला लागून. नवापूरवरून सुरतकडे, अक्कलकुव्यावरून अंकलेश्वरकडे रोज गाड्या जातात. म्हणून परिवहन खात्याच्या 'ई-चलन' साईटवरही बघायचे. प्रकरण आभासी न्यायालयाकडे गेले असेल तर 'व्ही-कोर्ट्स'वर राज्य आणि विभाग निवडून शोधायचे. महाराष्ट्रात वाहतूक प्रकरणांचे असे न्यायालय २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यात काटोलला सुरू झाले. म्हणजे गाडी नंदुरबारची आणि न्यायालय काटोलचे, असे होऊ शकते. दचकू नका. नेहमीच्या न्यायालयात खटला दाखल असेल तर 'ई-कोर्ट्स'वर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने शोधा. सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक मिळाला की वहीत लिहून ठेवा. नावाच्या स्पेलिंगमध्ये घोळ असतो, दोन-तीन प्रकारे टाकून बघा. तरी सापडले नाही तर न्यायालयात जाऊन लिपिकाला एस.सी.सी. नंबर विचारा आणि प्रमाणित नक्कल मागा. नक्कल मागणे म्हणजे कुणाचे उपकार घेणे नव्हे.

व्हॉट्सअॅपवर चलनाच्या नावाने एपीके फाईल आली तर हात लावू नका. ती उघडली की बँकेतले पैसे जातात. सरकारी साईटचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'वर संपतो, एवढे घरातल्या सगळ्यांना शिकवा.

कागद सापडला की वाचा. फोटो आपल्याच गाडीचा आहे का? तारीख, वेळ, जागा, कलम बरोबर आहे का? त्या दिवशी गाडी कुठे होती? गाडी आधीच विकली असेल तर नाव बदलल्याचा कागद आहे का? केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७अ आणला. त्यात कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत, नंबर प्लेट स्पष्ट दिसणाऱ्या फोटोसह द्यावी आणि यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र असावे, असे सांगितले. हे मुद्दे उत्तरात लेखी मांडा. महाट्रॅफिकवर तक्रारीची सोय आहे, तिथे फोटो आणि आरसी जोडून तक्रार टाका आणि तक्रार क्रमांक जपा.

मुदतीचेही बघा. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यावी, अशी मर्यादा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. जुन्या संहितेतही ती होती. विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. म्हणून "मुदत गेली" म्हणत घरी बसू नका. तारखेला जा आणि हा मुद्दा सांगा.

लोकअदालतीबद्दल तर आपल्यात फारच गैरसमज आहे. ती तडजोडीची जागा आहे. तिथे कोण खरे, कोण खोटे याचा निवाडा होत नाही. दोघांची संमती असेल तरच प्रकरण मिटते आणि एकदा मिटले की त्यावर अपील नाही. चूक आपली असेल तर लोकअदालत उत्तम, वेळ वाचतो. चूक आपली नसेल तर तिथे सही करू नका. न्यायालयातही "कबूल म्हण आणि सुट" असे सांगणारे भेटतील. कबूल म्हणजे दोषसिद्धी. त्यानंतर अपिलात फक्त शिक्षेबद्दल बोलता येते. पुढच्या वेळी तोच गुन्हा "दुसऱ्यांदा केलेला" ठरतो आणि काही कलमांत दंड वाढतो. हेल्मेट आणि ट्रिपल सीटच्या कलमांत तर तीन महिने लायसन्सला अपात्रता आहे. पिकअप चालवून घर चालवणाऱ्याचे तीन महिने म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

वकिलाला पैसे नाहीत? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. उत्पन्नाची अट नाही. महिलांनाही तोच हक्क. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा. फोन लावायचाच असेल तर इथे लावा!

काही कार्यकर्ते म्हणतील, अत्याचाराची प्रकरणे पडलेली असताना तुम्ही चलनाचे काय घेऊन बसलात? त्यांना दोन गोष्टी आठवून देतो.

१९२९ साली बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला टांगेवाले तयार झाले नाहीत. शेवटी टांगा भाड्याने घेऊन आपल्यातल्याच एकाने हाकला. त्याला सवय नव्हती, टांगा उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला. आपल्या खानदेशातलीच ही गोष्ट. ज्या समाजाला लगाम हातात धरू दिला नव्हता, त्याच्या पोराच्या खिशात आज लायसन्स आहे. ते फुकट गमवायची वस्तू नाही.

दुसरी गोष्ट महाडची. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्यायलो, हे आपल्याला पाठ आहे. पुढचे पाठ नाही. विरोधकांनी दावा लावला, डिसेंबरात मनाईहुकूम आणला. २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, पण न्यायालयाचा हुकूम मोडला नाही. दावा लढवला. एकेक तारीख, एकेक कागद. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षे! अनादी काळापासून रूढी असल्याचे विरोधकांना सिद्ध करता आले नाही. पाणी ओंजळीने प्यायलो, पण तळ्यावरचा हक्क कागदावर जिंकला.

म्हणून माझा आग्रह आहे. प्रत्येक विहारात एक चलन-वही ठेवा. रविवारी वंदना झाली की अर्धा तास बसा. गाडी नंबर, चलन क्रमांक, तारीख, कलम, फोटो जुळतो का, भरले की लढायचे, कोर्टाची तारीख, एवढे रकाने पुरे. कायदा शिकणाऱ्या पोरापोरींनी विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवावे. वही फक्त आपल्या वस्तीची ठेवू नका. शेजारच्या भिल, पावरा, मावची भावंडांची चलनेही तपासा. ऊसतोडीला जाणाऱ्यांची तर आधी तपासा, कारण समन्स येईल तेव्हा ते घरी नसतील. सहा महिन्यांची वही जमली की माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका : कोणत्या चौकात किती चलने, किती चुकीची म्हणून रद्द, यंत्रांची प्रमाणपत्रे कुठे आणि १९८अ खाली कारवाई किती? मग निवेदन घेऊन जाऊ तेव्हा हातात नुसती घोषणा नसेल.

त्या पोराच्या दोन चलनांपैकी एक रद्द झाले. दुसरे अजून तसेच आहे. तक्रार क्रमांक त्याने स्वतःच्या हाताने वहीत लिहिला आहे आणि दर आठवड्याला तो स्वतः तपासतो. परवा म्हणाला, "दादा, तारीख लागली तर मी जाईन. स्कूटर माझी नाही, एवढं तर सांगता येईल."

एवढेच सांगता आले पाहिजे.

जय भीम! जय संविधान!