‘करण्यात येते’ : कर्ता हरवलेले वाक्य

शासकीय मराठीवर टीका करावयाची झाली म्हणजे आपण प्रथम शब्दांवर तुटून पडतो. ‘अधिसूचना’, ‘उपरोक्त’, ‘संदर्भाधीन’, ‘अनुज्ञेय’ असे चार-दोन जड शब्द काढून दाखविले की व्याख्यान रंगते. प्रस्तुत लेखकही बरीच वर्षे वर्गात तेच करीत आला. परंतु अडचण शब्दांत फारशी नसून वाक्यात आहे, आणि ते वाक्य इंग्रजी कचेरीच्या वळणाचे आहे, असे माझे मत आता बनले आहे.

त्यास एक प्रसंग कारण झाला. काही वर्षांपूर्वी बी. ए.च्या वर्गातील एक विद्यार्थी वडिलांच्या नावे आलेली नोटीस घेऊन माझ्याकडे आला. कंधार तालुक्यातील कोरडवाहू जमिनीच्या फेरफाराची ती नोटीस होती. शेवटी लिहिले होते, ‘विहित मुदतीत हरकत प्राप्त न झाल्यास आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल.’ ‘विहित’चा अर्थ मी सांगितला, मुलाचे समाधान झाले. सोबत आलेल्या वडिलांचा प्रश्न मात्र निराळा होता. ‘करन्यात येईल म्हंजे कोन करनार, सर?’ पुढे कोणी तरी येईल, बोलावील, विचारील, असे समजून ते घरी थांबले होते. मुदत टळून चार दिवस झाले होते. नोंद झाली, आणि ती दुरुस्त करून घेण्यात पुढे अपिलाची दोन वर्षे गेली. त्या गृहस्थांना एकही शब्द अडला नव्हता असे नाही. पण ज्याने त्यांचा घात केला तो शब्द वाक्यात नव्हताच. तो कर्ता होता.

इंग्रजी शासकीय गद्याची दोन लक्षणे सर्वपरिचित आहेत. एक, कर्ता गाळणारा कर्मणी प्रयोग. दुसरे, क्रियापदाचे नाम करून ठेवण्याची हौस. ‘आम्ही ठरविले’ असे न म्हणता ‘निर्णय घेण्यात आला’, ‘तपासले’ऐवजी ‘तपासणी करण्यात आली’. इंग्रजीत ही वाक्यरचना सहज बसते, कारण तेथे कर्मणी प्रयोगात कर्ता हा ऐच्छिक भाग असतो. मराठीचे तसे नाही. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा आपला कर्मणी प्रयोग; त्यात क्रियापद कर्माच्या मागे जाते, पण राम जागेवर असतो. म्हणूनच ‘मारला गेला’ या धाटणीस आपली शालेय व्याकरणे ‘नवीन कर्मणी’ म्हणतात आणि ती इंग्रजीच्या वळणाची असल्याचेही सांगतात. ‘करण्यात येते’ ही तिचीच कचेरीतील बहीण. मोडी दप्तरातील पत्रे पाहावीत. तेथे आज्ञा असली तरी ‘तुम्ही अमुक करणे’ अशी थेट असते. आज्ञा करणारा आणि ती पाळणारा, दोघेही पत्रात समोरासमोर उभे असतात. त्या राज्यव्यवहारात न्याय अधिक होता असे मी म्हणत नाही; कोण बोलतो आहे हे मात्र कळत होते.

शब्दांचे काम आपल्याकडे झालेले आहे, हे मान्य केले पाहिजे. रघुनाथपंतांचा ‘राज्यव्यवहारकोश’ शिवकालातला. अलीकडे १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला, १९७३ साली ‘शासनव्यवहार कोश’ आला. मराठवाड्यापुरते सांगावयाचे तर १९४८च्या सप्टेंबरापर्यंत येथील कचेरी उर्दूत चाले. त्यामुळे ‘मजकूर’, ‘इसम’, ‘कैफियत’, ‘रुजू’, ‘बेदखल’ हे शब्द निरक्षर माणसालाही ठाऊक आहेत, आणि ते हटविण्याची घाई मला कधीच पटली नाही. इंग्रजी कायद्याच्या भाषेत एकाच अर्थाचे दोन शब्द जोडीने येतात. त्यांपैकी बऱ्याच जोड्यांत एक शब्द मूळचा इंग्रजी तर दुसरा नॉर्मन राजवटीने आणलेला असतो. आपल्या ‘अटी व शर्ती’, ‘कागदपत्र’ या जोड्या काही अशाच दुहेरी राजवटींच्या साक्षी आहेत. अशा शब्दांनी कोणाचे नुकसान होत नाही. कोश शब्द देतो. वाक्य कोणत्याच कोशात नसते, आणि भाषांतर करणाऱ्या कारकुनाने ते इंग्रजी मसुद्यातून तसेच उचलले.

शास्त्रीय लेखनाचे समर्थन याहून वेगळे केले जाते. तेथे वस्तुनिष्ठता हवी, म्हणून ‘मी’ नको, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. ही समजूत तपासून घ्यावी अशी आहे. न्यूटनने १६७२ साली प्रकाश व रंग यांविषयी जे पत्र प्रसिद्ध केले ते प्रथमपुरुषी आहे. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील १९५३चा निबंध ‘आम्ही’ या कर्त्यानेच सुरू होतो. म्हणजे कर्ता न गाळताही विज्ञान चालते. आपल्या मराठी विभागांतील प्रबंध मात्र ‘अभ्यास करण्यात आला आहे’, ‘असे दिसून येते’, ‘म्हटले जाते’ यांनी भरलेले असतात. कोणाला दिसून आले? कोण म्हणते? माझा स्वतःचा पीएच.डी.चा प्रबंध परवा काढून पाहिला. एका प्रकरणात ‘असे मानले जाते’ अकरा वेळा आढळले, आणि त्यांपैकी निदान सहा ठिकाणी ते मानणारा मी एकटाच होतो. मार्गदर्शकांनी एकदाही खूण केली नव्हती. त्यांनाही ते शास्त्रीयच वाटले असावे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो बिनबुडाचा नाही. शासन ही व्यक्ती नव्हे. निर्णय पदाचा असतो, माणसाचा नसतो. माणसे बदलतात, म्हणून कर्ता गाळला जातो. ठीक आहे, मग पदाचे नाव लिहावे. ‘तलाठी नोंद करतील, मंडळ अधिकारी ती तपासतील, हरकत असल्यास अमुक तारखेपर्यंत त्यांच्याकडे लेखी द्या’ या वाक्यात व्यक्ती कोठे आहे? इंग्लंडमध्ये अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८ सालीच सरकारी नोकरांसाठी साध्या शब्दांचे पुस्तक लिहिले. अमेरिकेने २०१० साली सुबोध लेखनाचा कायदा केला. म्हणजे ज्या भाषेचे वळण आपण गिरवितो, तिचे बोलणारे ते सोडू पाहत आहेत. शिवाय मराठीत ‘करावे’ हा विध्यर्थ आहे. ‘पुरेशी ओल असताना पेरणी करावी’ यात कर्ता उच्चारलेला नसला तरी तो वाचणारा शेतकरीच आहे, हे त्याला कळते. ‘पेरणी करण्यात यावी’ म्हटले की तो शेजाऱ्याकडे पाहू लागतो.

आमच्या तहसील कचेरीबाहेर अर्जनवीस बसतात. त्यांच्या जुन्या साच्यात अजून ‘मी अर्जदार अमुक, राहणार अमुक, विनंतीपूर्वक अर्ज करतो की’ असे असते. नाव, वय, धंदा, गाव, सारे आधी. त्या अर्जास आतून जे उत्तर येते त्यात ‘आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे’ एवढेच असते. दोन्ही कागद शेजारी ठेवून मी यंदा एम. ए.च्या वर्गात प्रयोगविचार शिकविला. मुलांनी पहिल्याच तासाला विचारले, उत्तर देणाऱ्याचे नाव, वय, धंदा कोठे आहे?