वाजवून घेतलेली घागर

आखाजीची घागर आमच्याकडे बोटाने टणटण वाजवूनच घेतात. माय होती तोवर हे काम तिचे. यंदा तिच्याच नावाने घागर भरायची होती आणि ती वाजवून आणली मी. माझ्या कानाला काय कळले ते तीच जाणे!

त्याच आठवड्यात धुळ्याला इंजिनिअरिंग शिकणारे आमचे चिरंजीव एक नवा मदरबोर्ड घेऊन जळगावला आले. संगणकाच्या पेटीतला प्रोसेसर, मेमरी, डिस्क ही सारी मंडळी ज्या पाटीला जोडलेली असतात, ती ही. ('मातृफलक' असा शब्द मी सुचवला. घरात कुणी दाद दिली नाही.) आमचा जुना संगणक धापा टाकीत होता आणि मायने म्हटलेल्या अहिराणी ओव्या व कानबाईची गाणी त्याच्याच पोटात होती. दुसरी प्रत नव्हती. एरवी हस्तलिखितांच्या जतनावर व्याख्याने झोडणारा तो मीच!

"घे बघू उतरवून," मी म्हणालो.

"अण्णा, आधी बोर्ड तपासू द्या."

मला वाटले, दहा मिनिटांचे काम. प्रथम प्राइम९५. हे साधन मूळचे अवाढव्य मूळ संख्या हुडकण्याचे. हौशी मंडळी त्याच्याकडून यंत्राला उत्तरे आधीच ठाऊक असलेली गणिते तासन्‌तास घालतात. एक चुकले की नापास. प्रोसेसरला वीज पुरविणारे बोर्डावरचे भाग त्यात भलतेच तापतात. परदेशातले परीक्षक हे थंडगार खोलीत मोजतात. जळगावचा वैशाख त्यांना काय ठाऊक! आमची खोलीच ४१ अंशांवर. तेवढे वजा करून मुलाने आकडे मांडले, तेव्हा कुठे तुलना जमली.

मग सिनेबेंचचे गुण. प्रोसेसर एकच, पण बोर्ड बदलला की गुण बदलतात, कारण काही बोर्ड विजेची मर्यादा मुळातच सैल ठेवतात. म्हणजे ग्रेस मार्कच की! २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे प्रोसेसर मध्येच कोलमडू लागले तेव्हा या सैल मर्यादांवर बरीच चर्चा झाली. पुढे कंपनीने वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज हे कारण सांगितले. हे गुणांचे वेड पोरांचेच असते असेही नाही. पुण्याच्या 'एका' महासंगणकाला २००७ मध्ये जगात चौथा क्रमांक मिळाला, तो लिनपॅक नावाच्या अशाच परीक्षेवर.

रात्री मेमरीची पाळी. प्रत्येक घरात खूण लिहायची, परत वाचायची, ताडून पाहायची. पहाटे चारला पडद्यावर लाल ओळ उमटली. चूक एक. मेमरीच्या दोन पट्ट्यांची अदलाबदल केली. चूक पट्टीबरोबर हलेना, त्या एका खाचेतच ठाण मांडून बसली. प्रोसेसर मित्राच्या बोर्डावर निर्दोष ठरला.

"कोट्यवधी घरांत एक चूक! तेवढी चालत नाही का रे?"

"प्रत करताना आजीचा आवाज याच घरांतून जाणार, अण्णा. एखादा शब्द तिथे बिघडला, तर तुम्हाला कळणार तरी कसा?"

मी गप्प बसलो. त्यातल्या कितीतरी ओव्या मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेल्या नाहीत.

सकाळच्या एस.टी.ने धुळे गाठले. दुकानदार म्हणाला, "सर, चालू होतो ना? मग झालं तर!" मुलाने पडद्याची छायाचित्रे पुढे ठेवली. तासभर हुज्जत, दोन वेळा चहा, मग बोर्ड बदलून मिळाला.

त्यालाही दोन रात्री जागवले. लाल ओळ आली नाही. तिसऱ्या दिवशी ओव्या उतरवल्या आणि पहिलीच लावली. मध्येच एक कर्कश आवाज आला. मी दचकून मुलाकडे पाहिले.

"तो आपला कुकर आहे," सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली.