किती वॅटचं पॅनेल लावू?

परवा मँचेस्टरहून एका मित्राचा फोन आला. त्याने जुनी मालवाहू व्हॅन घेतली आहे आणि तिची कॅम्परव्हॅन करायला काढली आहे. पलंग झाला, कपाटं झाली, छोटासा ओटाही झाला. आता सोलर राहिलंय.

"तुझ्याकडे आहे ना? मग सांग पटकन, छतावर किती वॅटचं पॅनेल लावू?"

मी म्हटलं, "तुला रोज वीज किती लागते?"

"ते नंतर बघू रे. छतावर चारशे बसतंय."

झालं, माझं डोकं सटकलं. बिचाऱ्याने वीस मिनिटं ऐकून घेतलं आणि मग 'मीटिंग आहे' म्हणून फोन ठेवला. जे सांगायचं राहिलं ते आता तुमच्या माथी. :)

मंडळी, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. आणि तो सगळे विचारतात, हा माझा राग आहे. कॅम्परव्हॅनवाल्यांचे व्हिडिओ बघा. पहिल्या दोन मिनिटांत माणूस शिडी लावून छतावर चढतो आणि काळ्याकुळकुळीत पॅनेलांवर हात फिरवत आकडा सांगतो. दुकानदार आकडा विकतो, गिऱ्हाईक आकडा विकत घेतं. डब्यात किती मावतं त्यावरून भूक ठरवण्यातला प्रकार.

आमच्या मिरजेच्या घरी नळाला पाणी सकाळी तासभर यायचं. त्या तासाभरात आई पिंप, हंडे, बादल्या भरून घ्यायची. कोणाची आंघोळ किती बादल्यांत, धुणं आज की उद्या, पाहुणे येणार असतील तर कुठे काटायचं, हे सगळं तिच्या डोक्यात असे. 'नळ किती इंची लावू?' असं तिने कधी कोणाला विचारल्याचं मला आठवत नाही. पाणी लागतं किती आणि साठतं किती, हे दोनच प्रश्न होते.

व्हॅनमध्ये नळ म्हणजे पॅनेल आणि पिंप म्हणजे बॅटरी. इतकं सोपं आहे. पण मलाही हे सोपं गणित २०२४ च्या दिवाळीत, स्कॉटलंडमधल्या एका पार्किंगच्या जागेत, रात्री अडीच वाजता कळलं.

आई-बाबा दिवाळीसाठी लेस्टरला आमच्याकडे आले होते. बायकोला रजा नव्हती, म्हणून मी दोघांना घेऊन हायलँड्समध्ये निघालो. डब्यात चिवडा, चकल्या, बेसनाचे लाडू. आईला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, ती रात्री सीपॅप मशीन लावून झोपते. मी निर्धास्त होतो. छतावर २०० वॅटचं पॅनेल, आत ११० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी, इन्व्हर्टर, सगळं मिडलंड्समधल्या एका वर्कशॉपकडून पैसे मोजून बसवून घेतलेलं. "दोघांतिघांना भरपूर होतं," असं त्या माणसाने सांगितलं होतं. मीही 'भरपूर म्हणजे किती' असं विचारलं नव्हतं. चूक माझीही आहेच.

मुक्काम ग्लेनकोला. घडीघडीला रंग बदलणारे डोंगर, बाबा खूष. साडेचारलाच सूर्य मावळला. जेवणं झाली, हीटर लावला, आईने मशीन लावलं, सगळे झोपलो. अडीचच्या सुमारास इन्व्हर्टर किंचाळायला लागला. बॅटरी संपली होती. मशीन बंद. थोड्या वेळाने हीटरनेही मान टाकली.

एक रात्र मशीनशिवाय गेली म्हणून लगेच काही होत नाही, हे मला माहीत होतं. पण अंधारात आपल्या आईचा श्वास मध्येच थांबतो आणि मग घशातून आवाज होऊन परत सुरू होतो, हे दोन फुटांवरून ऐकणं वेगळं. तिला जाग आली तेव्हा ती म्हणाली, "मी बसून राहते रे, तू झोप. गाडी तुला चालवायचीय." आणि सत्तरीची बाई अंगावर दोन शाली घेऊन पहाटेपर्यंत बसून राहिली. बाबा काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी फोर्ट विल्यमजवळच्या कॅम्पसाइटवर जागा घेतली आणि खांबावरून सरळ वायर जोडली. आई आठ तास गाढ झोपली.

घरी आल्यावर वही काढली. बसवण्याआधी काढायला हवी होती ती. आपल्या बिलातलं एक युनिट म्हणजे १,००० वॅट-अवर, हे लक्षात ठेवा म्हणजे पुढचं अंगावर येणार नाही. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ३५०. डिझेल हीटर डिझेलवर चालतो खरा, पण त्याचा पंखा आणि पंप विजेवर, रात्रभराचे दीडशे-दोनशे. आईचं मशीन, त्यातलं पाणी गरम करणाऱ्या ह्युमिडिफायरसकट, आठ तासांचे पाचशेच्या आसपास. आणि इन्व्हर्टर? तो नुसता चालू असला तरी स्वतःच वीज खातो, दिवसभरात सहज दीडशे. सगळं मिळून १,२००. म्हणजे सव्वा युनिटाच्या जवळपास.

आता पिंप. ११० अँपिअर-अवर गुणिले १२ व्होल्ट, १,३२०. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिलात तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून धरायचे ६५०. म्हणजे काठोकाठ भरलेली असती तरी गणित जमत नव्हतंच.

आणि नळ? तिथे तर आनंदच होता. पॅनेलवर २०० वॅट लिहिलेलं असतं ते प्रयोगशाळेतलं: दर चौरस मीटरला १,००० वॅट प्रकाश आणि पॅनेलचं तापमान २५ अंश. ग्लेनकोचे अक्षांश ५६.७ उत्तर. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर येतो. पुण्यात अगदी २१ डिसेंबरलाही तो ४८ अंशांवर असतो! छतावर आडव्या चिकटवलेल्या पॅनेलवर १९ अंशांवरून येणारं ऊन तिरपं पडतं, सूर्याकडे तोंड केलेल्या पॅनेलच्या एक तृतीयांशच मिळतं. त्यात ढग. त्यात ग्लेनकोच्या दक्षिणेला 'थ्री सिस्टर्स' नावाच्या तीन डोंगरसोंडा सूर्याला आडव्या. त्या दिवसांत २०० वॅटच्या पॅनेलने दिवसाला शंभर-सव्वाशे वॅट-अवर दिले तर नशीब म्हणायचं. तेच पॅनेल जूनमध्ये सहाशे-सातशे देतं. फरक बघा.

"मग ४०० लाव ना," असं मित्र म्हणणारच. लाव की. शंभर-सव्वाशेचे दोनशे-अडीचशे होतील. लागतात बाराशे. पॅनेल हल्ली स्वस्त झालीत आणि हाच सापळा आहे. जी गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दिसणारी, तीच आपण आधी घेतो. एमपीपीटी कंट्रोलर की पीडब्ल्यूएम, यावर लोक रात्र रात्र भांडतात. एमपीपीटीच घ्या, चांगला असतो. पण त्याने वीस टक्के जास्त काढले तरी शंभराचे एकशेवीसच होतात हो.

मला खरी चीड आली ती पुढे. लेस्टरहून ग्लेनकोला पोचेपर्यंत दोन दिवसांत आठ-नऊ तास गाडी चालली होती. इंजिनाचा अल्टरनेटर एवढ्या वेळात बॅटरी भरून वर उरला असता. मग ती रिकामी कशी? तर वर्कशॉपने जुन्या पद्धतीचा साधा रिले टाकला होता. युरो ६ च्या बहुतेक गाड्यांत 'स्मार्ट' अल्टरनेटर असतो. इंधन वाचवायला तो चालता चालता व्होल्टेज खाली आणतो. व्होल्टेज खाली आलं की रिले सुटतो आणि मागची बॅटरी उपाशी. यावर डीसी-टू-डीसी चार्जर लागतो, हे हे काम करणाऱ्या माणसाला माहीत नसणं शक्य नाही. पण चार्जर सीटखाली दडतो, छतावर चमकत नाही. त्याचा फोटो कोण काढणार?

आणि मग ते 'ऑफ-ग्रिड'चं तुणतुणं. आम्ही स्वतंत्र, आम्हाला तारांची गरज नाही, सूर्य फुकट आहे वगैरे. अरे, फिरतोय आपण डिझेल जाळत. गाडी नाहीतरी रोज दोन तास पळते, तेव्हाची वीज घेण्यात कसला कमीपणा? आणि कॅम्पसाइटच्या खांबाला वायर जोडली तर नाक कापलं जातं का? मी ऐकलंय लोकांना अभिमानाने सांगताना की आम्ही तीन वर्षांत एकदाही हुकअप घेतलं नाही. बरं. त्यांच्या घरच्यांना रात्री मशीन लागत नसेल.

उन्हाळ्यात या देशात पॅनेल छान चालतं, हे मान्य. मे ते ऑगस्ट फिरणाऱ्याला, एक फ्रिज, दोन दिवे आणि फोन एवढंच असणाऱ्याला दोनशे वॅट खरंच पुरतं. वर्षातून चार वीकएंड जाणाऱ्याने तर छताला भोकंच पाडू नयेत. घरून भरून नेलेला तयार पॉवर बॉक्स पुरतो. माझं भांडण पॅनेलशी नाही. वही न काढता छत मोजणाऱ्यांशी आहे.

तर मी काय केलं? आधी खर्च कमी केला. मशीनसाठी बारा व्होल्टवर चालणारा डीसी कन्व्हर्टर मिळतो, तो घेतला. इन्व्हर्टर बंद. आईच्या डॉक्टरांना विचारून प्रवासापुरतं पाणी गरम करणं बंद. मशीनचे पाचशे होते ते अडीचशे-तीनशेवर आले, इन्व्हर्टरचे दीडशे वाचले ते वेगळेच. मग पिंप बदललं. १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, जवळजवळ सगळी वापरता येते, साधारण १,२८० वॅट-अवर. ही शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, म्हणून ती आतल्या सीटखाली, हीटरच्या उबेत. मग ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर: दोन तास गाडी चालली की सातशेच्या वर जमा.

पॅनेल मात्र तेच आहे. एक वॅटही वाढवलेला नाही.

हे काम करताना लाकडी पट्ट्या उघडल्या आणि जे दिसलं त्याने ग्लेनकोपेक्षा जास्त घाम फुटला. फ्रिजच्या वायरला फ्यूज होता, पण फ्रिजच्या बाजूला! बॅटरीपासून तिथपर्यंत चार-पाच मीटर वायर प्लायवूडच्या मागून, लोकरीच्या थरातून, उघडीवाघडी. फ्यूज हा वायर वाचवायला असतो, म्हणून तो बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. मध्ये कुठे पत्र्याला घासून वायर सोलली असती तर बॅटरीने शेकडो अँपिअर ओतले असते आणि फ्यूजला पत्ताही लागला नसता. त्या पट्टीला टेकून माझी आई झोपली होती.

वायरही अडीच चौरस मिलिमीटरची. बारा व्होल्टला हे चालत नाही. दहा अँपिअर, पाच मीटर जाऊन पाच मीटर परत, की पाऊण व्होल्टच्या आसपास वायरमध्येच गळतो. सहाची वायर टाकली तर तीनदशांश. घरातल्या २३० व्होल्टच्या हिशेबाने इथे वायर घेऊ नका. कळत नसेल तर जाणत्याकडून करून घ्या, पण फ्यूज कुठे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

महाराष्ट्रात व्हॅन बांधणारे दोघंतिघं वाचक मधूनमधून मेल करतात. तुमच्याकडे सूर्य उदंड आहे, पण वही तुम्हालाही चुकली नाही. पॅनेल तापलं की कमी देतं, २५ च्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के. मे महिन्यात नागपुरात पत्र्यावर चिकटवलेलं पॅनेल ६५ अंशांना गेलं की बारा-पंधरा टक्के तिथेच गेले. खाली हवा खेळेल एवढी फट ठेवा. आणि त्या उन्हात तुम्ही गाडी कुठे लावणार? झाडाखाली! माणूस सुखी, पॅनेल उपाशी. तीस-चाळीस फूट वायरीचं, उन्हात नेऊन ठेवता येणारं एखादं सुटं पॅनेल तिथे जास्त कामाचं. इकडच्या थंडीतही ते कामाचं, तिरपं उभं करता येतं म्हणून.

असो. आई यंदा परत येतेय. "ती गाडी अजून आहे का रे?" असं तिने फोनवर विचारलं. मी 'आहे' म्हटल्यावर जरा थांबून म्हणाली, "बरं. शाल आणते."

मित्राने काल यादी पाठवली. कौतुक वाटलं, निदान लिहून तरी काढली. पहिल्या ओळीत एअर फ्रायर आहे, १,५०० वॅट. संध्याकाळी करतो त्याला फोन.