मास्तरांची कंपनी

मोबाइलच्या चिप बनवणारी क्वालकॉम ही कंपनी मुळात मास्तरांची, हे पुष्कळांना ठाऊक नसते. 1985 साली अमेरिकेत सॅन दिएगो येथे सात जणांनी मिळून ती काढली. त्यातले अर्विन जेकब्ज पूर्वी एमआयटीत आणि मग सॅन दिएगोच्या विद्यापीठात शिकवत. अँड्र्यू व्हिटर्बी हे लॉस एंजेलिसला प्राध्यापक होते.

व्हिटर्बींची गोष्ट मला फार आवडते. वर्गात एक अवघड सिद्धता सोपी करून सांगता यावी म्हणून त्यांनी एक रीत शोधली. पेपर तपासताना शाई पसरलेला शब्द आपण मागचापुढचा मजकूर पाहून लावतो ना, साधारण तसेच. हवेतून येताना बिघडलेल्या संदेशाचे मूळ रूप काय असावे, ते या रीतीने ठरवता येते. 1967 साली त्यांनी ती छापून टाकली, पेटंट घेतले नाही. पुढे मोबाइलपासून अंतराळयानांपर्यंत ती वापरली गेली.

आणि याच व्हिटर्बींनी उभी केलेली कंपनी पेटंटवर गबर झाली! सीडीएमए तंत्र तिने 1989 साली चालवून दाखवले. 2000 साली हँडसेटचा धंदा जपानच्या क्योसेराला विकला आणि चिप व परवाने यांवर भर दिला. परवान्याचे शुल्क मात्र चिपच्या नव्हे, अख्ख्या फोनच्या किमतीवर. मग चिप दुसऱ्या कंपनीची का असेना!

संशोधनाला पैसा लागतो, तो मिळालाच पाहिजे, याबद्दल वाद नाही. कंपनीने या हिशेबाला कमाल मर्यादा घातली आहे, हेही खरे. पण सुताराने दार करून द्यावे आणि घराच्या किमतीत टक्केवारी मागावी, हे मला पटत नाही. दाराशिवाय घरात शिरता येत नाही, म्हणून तर नाहीच नाही. शेवटी पैसे जातात ते फोन घेणाऱ्याच्याच खिशातून.

या पद्धतीविरुद्ध अमेरिकेच्या सरकारी आयोगाने 2017 साली दावा लावला. 2019 साली निकाल कंपनीच्या विरोधात गेला, 2020 साली वरच्या कोर्टाने तो फिरवला. म्हणजे कायद्यात बसते. पण कायद्यात बसते ते सगळे रास्त असतेच असे नाही.

मास्तरही पगार घेतातच की. पण विद्यार्थी पुढे कलेक्टर झाला, म्हणून त्याच्या पगारात वाटा कोणी मागत नाही. असो. तुम्हाला काय वाटते?