लेव्हायथनने ‘डार्क शॅडोज’ बुडवली? एका सोयीस्कर निकालाची उलटतपासणी

१/ लोकप्रिय कलाकृतींच्या इतिहासात काही निकाल पुराव्याशिवाय लागतात आणि अपिलाशिवाय कायम होतात. ‘डार्क शॅडोज’ या अमेरिकी भयमालिकेच्या चाहत्यांनी असाच एक निकाल पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे : १९६९-७० मधील ‘लेव्हायथन’ कथानक टाकाऊ होते आणि त्यानेच मालिका बुडवली. या विधानाचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे, पण त्यासाठी दिली जाणारी कारणे चुकीची आहेत. उत्तरार्ध तर तारखांसमोर उभाच राहत नाही.

२/ आधी पार्श्वभूमी. डॅन कर्टिस यांची ही मालिका २७ जून १९६६ रोजी एबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि २ एप्रिल १९७१ रोजी संपली. आठवड्याचे पाच दिवस, दुपारी, अर्धा तास. एकूण १,२२५ भाग. मेन राज्यातील कॉलिन्सपोर्ट हे काल्पनिक बंदर, तेथील कॉलिनवुड हा वाडा आणि त्यात राहणारे कॉलिन्स घराणे हा तिचा संसार. दुपारच्या मालिका गृहिणींसाठी असतात, हा त्या काळचा ठाम समज होता. ही मालिका मात्र शाळा सुटताच घराकडे धाव घेणाऱ्या मुलांनी उचलून धरली.

३/ ती तरली एप्रिल १९६७ मध्ये, बार्नाबस कॉलिन्सच्या आगमनाने. जॉनथन फ्रिड यांनी साकारलेला हा रक्तपिपासू काही आठवड्यांचा पाहुणा म्हणून आणला गेला आणि घरधनी होऊन बसला. त्याच्या लोकप्रियतेचे कारण त्याचे सुळे नव्हते. तो खून करी आणि त्या खुनाचा त्याला पश्चात्ताप होई. दुपारच्या मालिकेत असा अपराधी नायक त्यापूर्वी कोणी पाहिला नव्हता.

४/ आता वादाचा विषय. नोव्हेंबर १९६९ मध्ये बार्नाबस भूतकाळातून परतताना मानवापूर्वीच्या ‘लेव्हायथन’ नामक शक्तींच्या उपासकांच्या हाती सापडतो आणि एक पेटी घेऊन वर्तमानात येतो. गावातील जुन्या वस्तूंच्या दुकानात, टॉड दांपत्याच्या घरी, त्या पेटीतून एक मूल अवतरते. ते उड्या मारीत वाढते आणि अखेर जेब हॉक्स हा तरुण होते. कॉलिन्स घरातील कॅरोलिन ही त्याची नियोजित वधू. मार्च १९७० च्या अखेरीस हे सारे आटोपते.

५/ चाहत्यांच्या आरोपपत्रात तीन कलमे असतात. एक, या कथेतील राक्षस कधी दिसतच नाही. ऐकू येतो तो फक्त त्याचा श्वास. दोन, ही एच. पी. लव्हक्राफ्टची उसनवारी आहे. तीन, तिने प्रेक्षक पळवले आणि मालिका बंद पाडली. तिन्ही कलमे इतक्या वेळा उच्चारली गेली आहेत की ती तपासण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे.

६/ पहिले कलम. राक्षस दिसत नाही, हे खरे. पण ही मालिका जवळजवळ एका दमात फितीवर मुद्रित होत असे. संपादन महाग होते, म्हणून विसरलेले संवाद आणि हलणाऱ्या भिंतीसुद्धा प्रक्षेपणात तशाच राहत. अशा मालिकेने रबरी राक्षस दाखवला असता, तर हेच टीकाकार त्याला हसले असते. दुकानाच्या माडीवरील बंद दार आणि त्यामागचा जड श्वास ही या कथेची दुबळी बाजू नसून तिची सर्वांत प्रभावी युक्ती आहे.

७/ दुसरे कलम. लव्हक्राफ्टच्या १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द डनिच हॉरर’ या कथेत विलक्षण वेगाने वाढणारे मूल आहे आणि घरात कोंडलेला एक अदृश्य प्राणीही आहे. साम्य उघड आहे. पण उसनवारी हा या मालिकेत गुन्हा कधी होता? बार्नाबसमागे ड्रॅक्युला उभा आहे आणि १९६८ मधील ॲडममागे फ्रँकेन्स्टाइन. ती उचल चालते आणि ही चालत नाही, हा न्याय नव्हे. आक्षेप उसनवारीवर नको. उसने आणलेले या घरात मुरले का, एवढेच विचारावे.

८/ ते मुरले नाही. याचे कारण इतिहासाच्या अभ्यासकास लवकर दिसावे. कॉलिनवुडमध्ये भय नेहमी भूतकाळातून येते आणि त्या भूतकाळाला तारीख असते. कोणी तरी, कधी तरी, कोणावर तरी अन्याय केलेला असतो. त्याचे व्याज पुढची पिढी फेडते. ‘करावे तसे भरावे’ एवढाच नियम असता, तर ही नीतिकथा झाली असती. एकाने करावे आणि दुसऱ्याने भरावे, या नियमामुळे ती शोकांतिका होते.

९/ उदाहरणे पाहा. नोव्हेंबर १९६७ मध्ये मालिका थेट १७९५ सालात गेली. बार्नाबसने अँजेलिक या दासीला झिडकारून जोसेटशी लग्न ठरवले. अँजेलिक चेटकीण होती. तिच्या शापातून बार्नाबस रक्तपिपासू झाला. पुढे १८९७ च्या कथानकात क्वेंटिनने पत्नी जेनीचा जीव घेतला. जेनीची बहीण मॅग्डा हिने त्याला शाप दिला, आणि तो शाप १९६९ मधील त्याच्या वंशजापर्यंत, ख्रिस जेनिंग्जपर्यंत, येऊन पोहोचला. प्रत्येक अरिष्टाची वंशावळ मांडता येते.

१०/ लेव्हायथनांची वंशावळ मांडता येत नाही. ते मानवाच्याही आधीचे, म्हणजे सर्व तारखांच्या पलीकडले. नारायण धारपांच्या भयकथांमुळे अशा अमानवी, परक्या शक्ती मराठी वाचकास अपरिचित नाहीत, आणि त्या परिणामकारक ठरतात हेही त्याला ठाऊक आहे. परंतु लव्हक्राफ्टच्या विश्वात माणसाच्या पापपुण्याला किंमतच नसते, आणि कॉलिन्स घराण्याच्या कथेत त्याखेरीज दुसऱ्या कशालाही किंमत नसते. परस्परांना छेद देणाऱ्या दोन दृष्टी एका छताखाली कोंडल्या गेल्या. कथेचे पहिले अपयश हे.

११/ दुसरे अपयश बार्नाबसचे. लेव्हायथनांच्या अमलाखाली तो थंड, आज्ञाधारक कारभारी होतो. एलिझाबेथ आणि छोटा डेव्हिड हेही त्यांच्या कह्यात जातात. ज्याची इच्छाच हिरावली गेली, त्याला पश्चात्ताप कसला? पुढे जोसेटच्या जिवाची भीती दाखवून त्याला राबवले जात असल्याचे सांगितले गेले आणि तो पुन्हा सहानुभूतीस पात्र झाला; पण तोवर कित्येक आठवडे मालिका तिच्या सदसद्विवेकाशिवाय चालली होती. प्रेक्षकांना राक्षसाच्या न दिसण्याची नव्हे, या उणिवेची टोचणी अधिक लागली असावी.

१२/ या मताचा पडताळा त्याच कथानकात मिळतो. त्यातील सर्वांत सकस धागा पॉल स्टॉडर्डचा. वीस वर्षांपूर्वी बायको-मुलीला सोडून जाताना त्याने एका अनोळखी माणसाशी सौदा केला होता : भरभराटीच्या बदल्यात आपल्याजवळील सर्वांत मौल्यवान गोष्ट. तो त्याला विनोद वाटला. १९६९ मध्ये परतल्यावर त्याला कळते की त्या रात्री त्याने आपली मुलगी कॅरोलिन विकली होती. येथे कथेला तारीख मिळते, अपराध मिळतो, वारस मिळतो. आणि ती लगेच जिवंत होते.

१३/ हा पॉल आकाशातून पडलेला नाही. आपण नवऱ्याला ठार केले, या समजुतीने एलिझाबेथ अठरा वर्षे वाड्याबाहेर पडली नव्हती. १९६७ मध्ये ज्या पेटाऱ्यात त्याचे प्रेत असल्याचे मानले जात होते, तो रिकामा निघाला. त्या रिकाम्या पेटाऱ्याचे उत्तर दोन वर्षांनी लेव्हायथन कथानकाने दिले. ज्या कथेला चाहते मालिकेबाहेरची ठरवतात, तिनेच मालिकेचे एक जुने देणे फेडले. जेबसुद्धा अखेरीस कॅरोलिनच्या प्रेमापोटी माणूस होऊ पाहतो आणि कड्यावरून ढकलला जाऊन मरतो. त्याच्या अंतात करुणा आहे.

१४/ आता तिसरे आणि सर्वांत जड कलम : मालिका याच कथेने बुडाली. लेव्हायथन संपले मार्च १९७० मध्ये; मालिका संपली एप्रिल १९७१ मध्ये. मध्ये पूर्ण वर्ष गेले. त्या वर्षात समांतर काळ, १९९५ सालचा उद्ध्वस्त वाडा, १८४० आणि शेवटी १८४१ चा दुसरा समांतर काळ एवढी कथानके होऊन गेली. वर्षभरानंतरच्या मृत्यूचे कारण म्हणून फक्त याच दुखण्याकडे बोट दाखवणे म्हणजे कावळा बसला म्हणून फांदी तुटली असे सांगणे होय.

१५/ प्रेक्षकसंख्या घटली, हे नाकारता येत नाही. १९६८-६९ चा हंगाम शिखराचा होता; १९६९-७० मध्ये उतार लागला; १९७०-७१ मध्ये तो अधिक तीव्र झाला. पण १९६९-७० च्या सरासरीत चाहत्यांच्या लाडक्या १८९७ चा शेवटही येतो आणि त्यानंतरचा समांतर काळही. एका हंगामाची सरासरी एका कथेच्या माथी मारता येत नाही. आणि लेव्हायथन संपल्यावरही घसरण वाढत गेली, याचा जाब लेव्हायथनला कसा विचारावा? काही प्रेक्षक त्या काळात दुरावले असतील, परंतु त्यांना परत आणण्यास पुढच्या कथांना वर्षभर मिळाले होते.

१६/ त्या वर्षात काय घडले? १९७० च्या वसंतात ‘हाउस ऑफ डार्क शॅडोज’ या चित्रपटासाठी मालिकेचे मुख्य कलावंत काढून घेतले गेले. फ्रिड उपलब्ध नसल्याने बार्नाबसला समांतर काळात साखळदंडांनी बांधलेल्या शवपेटीत कोंडून ठेवावे लागले. अखेरच्या कथानकात तर फ्रिड यांनी बार्नाबस नव्हे, ब्रॅमवेल ही वेगळीच भूमिका केली. ज्या पात्राने मालिका तारली, ते तिच्या शेवटच्या पर्वात नव्हतेच. शिवाय तिचा मोठा प्रेक्षकवर्ग शाळकरी मुलांचा. दुपारच्या जाहिराती साबण आणि घरसामानाच्या. ते विकत घेणारी माणसे वेगळी. एवढी कारणे समोर असताना एकाच कथानकाला आरोपी करणे हा निव्वळ आळस आहे.

१७/ मग हा समज रुजला कसा? क्रमामुळे. लेव्हायथन कथा १८९७ च्या पाठोपाठ आली. क्वेंटिनच्या आठ महिन्यांच्या त्या वैभवानंतर काहीही फिके पडले असते. नंतरच्या पिढ्यांनी मालिका पाहिली ती पुनःप्रक्षेपणात आणि चित्रफितींवर, शेवट कधी होणार हे आधीच ठाऊक असताना. शेवट माहीत असलेला प्रेक्षक उताराची पहिली पायरी शोधत बसतो आणि सापडेल त्या पायरीला दोषी ठरवतो. १९७० साली दुपारी दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या मुलाला तो उतार आहे, हे ठाऊक नव्हते.

१८/ ‘एवढ्या जुन्या मालिकेसाठी इतका काथ्याकूट कशाला?’ असा प्रश्न येईल. उत्तर असे, की या निकालाची अंमलबजावणी रोज होते. नव्या प्रेक्षकाला पहिला सल्ला मिळतो : लेव्हायथनचे भाग गाळा, पुढे जा. त्यासरशी पॉल स्टॉडर्ड जातो, रिकाम्या पेटाऱ्याचे उत्तर जाते, आणि बार्नाबस पुन्हा रक्तपिपासू कसा झाला हेही जाते. कारण तो शाप जेबनेच त्याच्यावर परत लादलेला आहे. पुढची कथा लंगडी वाटते आणि त्याचे खापर पुन्हा लेव्हायथनवर फुटते.

१९/ त्या काळातील बहुतेक दैनंदिन मालिकांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. ‘डार्क शॅडोज’चे भाग्य असे, की सव्वा हजारांच्या आसपास भागांपैकी केवळ एक हरवला, आणि तोही ध्वनिमुद्रणाच्या आधारे पुन्हा उभा केला गेला. इतके अखंड साधन हाती असताना त्यातील चार महिने ऐकीव मतावर वगळणे म्हणजे दप्तर शाबूत असताना बखरीतल्या गप्पांवर विसंबणे होय.

२०/ लेव्हायथन कथा दुबळी आहे, असे अवश्य म्हणावे. मात्र ती दुबळी आहे कारण तिने कॉलिनवुडच्या भयाचा इतिहास काढून घेतला आणि बार्नाबसचा पश्चात्तापही. राक्षस दिसला नाही म्हणून नव्हे, आणि मालिका बुडवली म्हणून तर मुळीच नव्हे. निकाल द्यायचा असेल तर आधी सगळे भाग पाहावेत.