लंकेचे दोन किनारे

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळीच ताईचा फोन आला. "अरे, याने लंकेला जायचे ठरवले आहे, आणि तेही समुद्राच्या तळाशी! माझे ऐकत नाही. तूच सांगून पाहा." भाचा मुंबईस नोकरीला असतो. दोन वर्षांपूर्वी तारकर्लीस तो पाठीवर नळकांडे बांधून बुडी घ्यावयास शिकला. (त्या नळकांड्यात प्राणवायू असतो अशी माझी समजूत होती, असते ती दाबून भरलेली साधी हवा.) माझे स्वतःचे पोहणे विहिरीपलीकडे कधी गेले नाही. तरीही 'जाऊ नकोस' म्हणण्यापूर्वी तो जातो आहे कोठे, हे पाहावे म्हणून मी नकाशा उघडला.

त्याने मे महिन्याचा शेवटचा आठवडा आणि नैर्ऋत्येकडील हिक्कडुवा हे गाव ठरविले होते; तेथे त्या दिवसांत राहणे स्वस्त पडते म्हणून. ते स्वस्त का, याचे उत्तर भूगोलाच्या पुस्तकात आहे. मेअखेरीस नैर्ऋत्य मोसमी वारे लंकेस पोहोचतात आणि सप्टेंबरपर्यंत पश्चिम व दक्षिण किनारा खवळलेला राहतो. पाणी इतके गढूळ होते की खाली जाऊन दिसायचे काय? मात्र त्याच महिन्यांत बेटाच्या दुसऱ्या अंगास, त्रिंकोमालीकडे, समुद्र शांत असतो. डिसेंबरात ईशान्येचे वारे सुरू झाले की हाच क्रम उलटतो. बेट एकच, पण पाणबुड्याच्या दृष्टीने त्याला दोन किनारे आणि दोन पंचांगे आहेत. आपल्या दिवाळीच्या सुटीचा काळ मात्र या दोहोंच्या सांध्यावर येतो आणि कोणत्याच बाजूची खात्री देत नाही.

जुन्या प्रवासपुस्तकांतून पूर्व किनाऱ्याची शिफारस क्वचितच आढळते. १९८३ ते २००९ या यादवी युद्धाच्या काळात तिकडे सहलीला जाणार कोण? त्यांतील हिक्कडुव्याच्या प्रवाळांची वर्णनेही आता तशीच्या तशी खरी मानू नयेत. १९९८ साली समुद्र तापला आणि तेथील बरेचसे प्रवाळ पांढरे पडून मेले. पूर्वेला त्यामानाने झळ कमी लागली.

भाच्याने तारखा न बदलता किनारा बदलण्याचे मान्य केले, पण लगेच दुसरा हट्ट धरला. "मामा, मग बट्टिकलोआचे हर्मिस पाहूनच येतो." विमानवाहू म्हणूनच आखून बांधावयास घेतलेले हे जगातील पहिले जहाज. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी ते बुडविले आणि ३०७ माणसे मेली. आज ते सुमारे ५३ मीटर खोल पडले आहे. मी विचारले, "तुझे प्रमाणपत्र किती मीटरांचे?" "अठरा." हौशी पाणबुड्याची कमाल मर्यादासुद्धा ४० मीटर! दर दहा मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली हवेतील नायट्रोजन रक्तात विरघळतो, आणि माणूस घाईने वर आला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे अंगात उठतात. पहिलीच्या मुलाला एकदम मॅट्रिकला बसवावे, तशातला हा प्रकार. फोनवर पलीकडे बराच वेळ शांतता होती.

अखेर निलावेलीच्या किनाऱ्यासमोरील पिजन बेट ठरले. तेथील प्रवाळ उथळ पाण्यात आहेत आणि पंखांची टोके काळी असलेले लहान शार्क हिंडताना दिसतात. कोकणात ज्यांना मुशी म्हणतात, त्यांचेच हे भाऊबंद. शेवटची बुडी आणि विमान यांत निदान अठरा तास जावे लागतात, म्हणून शेवटचा दिवस मोकळा ठेवविला. त्या दिवशी नुवारा एलियाला जाण्याचा त्याचा बेतही मी मोडला. ते गाव १,८०० मीटरांहून उंच आहे. बुडीनंतर लगेच तेथे चढणे विमानात बसण्यासारखेच.

मला स्वतःला विचाराल, वाचकहो, तर मी ग्रेट बासेसचा खडक निवडीन. आग्नेय किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रातल्या या खडकाला सिंहली लोक 'महा रावण कोटुव' म्हणतात. मार्च-एप्रिलातील मोजके दिवस वगळता तेथे पाण्यात उतरणे कठीण. १९६१ साली तेथे एका बुडालेल्या जहाजाजवळ चांदीच्या रुपयांचे गठ्ठे सापडले. रुपये औरंगजेबाचे, हिजरी १११३ चे, आणि टांकसाळ कोठली, तर आपल्या बडोद्याशेजारच्या सुरतेची! ज्या सुमारास बादशहा विशाळगडाला वेढा घालून बसला होता, त्या सुमारास पाडलेली ही नाणी रावणाच्या कोटाशी अडीच शतके पडून राहिली. आर्थर क्लार्क यांनी त्यावर एक पुस्तकच लिहिले. ते १९५६ साली लंकेत स्थायिक झाले, तेही या बुड्यांच्या ओढीनेच.

हे सारे सांगितल्यावर ताई निवळली. मग म्हणाली, "त्रिंकोमालीला कोनेश्वराचे देऊळ आहे ना?" आहे. मूळचे देवालय सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडले, त्याचे अवशेष त्याच कड्याखाली समुद्रात आहेत, आणि वर नवे उभे आहे.

आता तिकिटे दोन काढली आहेत. मुलगा पाण्यात असेल तेवढा वेळ ती वर देवळात बसणार आहे.