महिला मंडळ भगिनींचे, सही बंधूंची!
२० जुलै १९४२ रोजी नागपुरास बाबासाहेबांच्या उपस्थितीत अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वास बंदी, गिरणीतील स्त्रियांना रजा, कायदेमंडळांत प्रतिनिधित्व हे ठराव धम्मदीक्षेच्या १४ वर्षे आधीचे आहेत! तरीही या स्त्रियांचा इतिहास ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथातून येण्यास १९८९ साल उजाडले. तोवर आम्हां पुरुषांच्या लेखण्या काय करीत होत्या?

आता सांगा, तुमच्या विहारातील महिला मंडळाचे दप्तर कोणाच्या ताब्यात आहे? १८६० च्या कायद्यान्वये संस्था नोंदविण्यास सात व्यक्ती पुरतात. त्यांत पुरुष असलाच पाहिजे, असे कायदा कोठेही म्हणत नाही. तरी वंदनेस भगिनी आणि बँकेतील सहीस बंधू, ही वाटणी आम्ही विनातक्रार चालवितो. (हिशेब बायकांना जमत नाहीत म्हणे, घर मग कोण चालविते?) ही मनूचीच वहिवाट आहे, पत्ता तेवढा विहाराचा. येत्या सर्वसाधारण सभेत पदाधिकारी भगिनींतून निवडा, आणि बदल अर्ज नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करा. वस्तीत १९५६ साली दीक्षा घेतलेल्या वृद्धा हयात असतील, तर त्यांचे कथन त्याच दप्तरात लिहून ठेवा.